पोरं तीच, खोली तीच. बाई आल्या आणि वर्गाची हवाच बदलली

पऱ्हाटी (धागाकर्ता)

रामराम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावातून लिहितोय. सात एकर वावर आहे, कपाशी अन् तूर. गावात जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवी शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक, ४३ पोरं. माझी मुलगी तिसरीत आहे आणि दोन वर्षांपासून मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे.

आधीच्या सरांबद्दल वाईट बोलायला हा धागा काढलेला नाही, हे आधीच सांगतो. माणूस वेळेचा पक्का. साडेदहाची शाळा तर सव्वादहाला गाडी निंबाखाली लागलेली. गणित, शुद्धलेखन, अक्षर, सगळं चोख. रोजच्या पाठाचं टाचण वेळच्या वेळी. वर्ग असा शांत, की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं आज सुट्टी आहे. गावाला त्याच शांततेचा अभिमान होता, मलाही होता.

पण माझ्या पोरीचं सकाळी पोट दुखायचं. रविवारी नाही, पोळ्याला नाही, दिवाळीत नाही. शाळेच्या दिवशीच. आरोग्य केंद्रात दाखवलं, जंताच्या गोळ्या झाल्या, आजीनं दृष्ट काढली. सर मारत नव्हते, कधी हात उचलला नाही त्यांनी. फक्त कोणाचं चुकलं की त्याची पाटी वर धरायचे आणि म्हणायचे, "बघा रे, काय दिवे लावले." पोरं हसायची. हसणाऱ्याच्याही पोटात गोळा असायचा, कारण पुढची पाटी आपलीच असू शकते. मुलगी घरी अभ्यास करतानासुद्धा डावा हात वहीवर आडवा ठेवून लिहायची. मी जवळ गेलो की हात आणखी पुढे सरकायचा. बापापासून लपवायची चूक. खोडून खोडून कागदाला भोकं पडलेली असायची.

यंदा बदलीनं बाई आल्या. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडते, तेव्हा पेरणीची घाई असते, म्हणून पहिला आठवडा मी फिरकलो नाही. दुसऱ्या आठवड्यात तांदळाच्या पोत्यांचं वजन पाहायला गेलो आणि व्हरांड्यात बसून राहिलो. आत पहिली ते तिसरी एकत्र बसलेली.

दुसरीच्या पोरांना बाई अंक सांगत होत्या. "बावन्न." एका पोरानं पाटीवर २५ लिहिलं. हा पोरगा मला माहीत आहे, वर्षभर त्याची पाटी वर धरली गेली होती. त्यानं लिहिलं आणि लगेच तळहातानं पुसायला घेतलं. बाई म्हणाल्या, "थांब, पुसू नको. कसं लिहिलंस ते सांग बरं मला." पोरगा गप्प. बाईही गप्प. मी बाहेर बसून अवघडलो, मला वाटलं आता काहीतरी बोलाव्यात. बऱ्याच वेळानं तो पुटपुटला, "बा आधी आला ना जी. बा म्हंजे दोन."

बाई क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग वर्गाला म्हणाल्या, "यानं नीट ऐकलंय रे. बावन्न म्हणताना दोन आधीच ऐकू येतो. ऐकायला आधी, लिहायला मागून. असं का, ते पाहू." मग त्यांनी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या काड्यांचे दहा-दहाचे जुडगे मांडले, दोऱ्यानं बांधलेले. पाच जुडगे अन् दोन सुट्या काड्या. तेवढ्यात मागून एक पोरगी म्हणाली, "बाई, मी पण पंचवीसच लिहिलं होतं." आणखी एकानं हात वर केला. वर्षभरात पहिल्यांदा त्या खोलीत कोणी आपणहून चूक सांगताना मी ऐकलं.

पोरीचं पोट ऑगस्टपासून दुखलेलं नाही. वहीवरचा हात उठायला मात्र दिवाळी उजाडली.

माझा प्रश्न असा. समितीच्या बैठकीत आम्ही संडास बघतो, खिचडीची चव बघतो, कंपाऊंडचा ठराव करतो. पण शाळेचं खरं वातावरण ज्यावर उभं आहे, तो शिक्षकाचा स्वभाव, तो कोणत्याच ठरावात येत नाही. हे शिकवून येतं का? का ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे आहे, अन् बाकीच्या पोरांनी नशिबावर सोडायचं?

खडू_फळा

दादा, वर्धा जिल्ह्यात १७ वर्षांपासून जि. प. शाळेत आहे. तुमचं व्हरांड्यातलं वर्णन दोनदा वाचलं. ते २५ आणि ५२ आमच्या रोजच्या ओळखीचं आहे. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'पन्नास दोन' अशी वाचनाची जोड पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद पेटला होता. त्या वादाच्या मुळाशी तुमच्या गावच्या पोराचीच अडचण होती. म्हणजे तो पोरगा मठ्ठ नव्हता. त्याच्या पाटीवर मराठी भाषेचा एक खरा पेच उमटला होता, आणि पाटी वर धरल्यामुळे तो कोणाला दिसला नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. १९३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत आयोवा इथं कुर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट यांनी दहा वर्षांच्या मुलांची छंदमंडळं घेऊन एक प्रयोग केला होता. काही ठिकाणी प्रमुख हुकूम सोडणारा, काही ठिकाणी मुलांशी बोलून ठरवणारा, काही ठिकाणी नुसताच हजर असणारा. शिक्षक पदविकेला आम्ही हे पाठ करून लिहिलं आणि विसरलो. पण त्यातली एक गोष्ट मला नोकरीत रोज दिसते. हुकमी प्रमुख खोलीबाहेर गेला की मुलांचं काम ढेपाळायचं. ठरवून काम करणाऱ्या गटात प्रमुख गेला तरी काम बरंचसं चालू राहायचं.

आपल्या दोनशिक्षकी शाळेत ही परीक्षा दिवसातून दहा वेळा होते. मी चौथीला भागाकार देतो आणि तिसरीकडे पाठ फिरवतो. फिरवलेल्या पाठीमागे काय होतं, तोच माझा स्वभाव. समोर बसलेला वर्ग सगळ्यांचाच शांत असतो. सुरुवातीची पाच वर्षं माझी पाठ फिरली की मागे धिंगाणा व्हायचा आणि मी आणखी जोरात ओरडायचो. माझ्या ओरडण्यामुळेच ते होतं आहे, हे कळायला फार उशीर लागला.

दुसरी गोष्ट. पोरगा गप्प होता तेव्हा बाई थांबल्या. मेरी बड रो नावाच्या संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात, असं तिला दिसलं. हीच वाट तीन सेकंदांवर नेली तर उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. आपल्या पोरांना तर तीनही पुरत नाहीत. घरी वऱ्हाडी नाही तर कोलामी, पुस्तकात पुण्याकडची मराठी. पोरगं उत्तर आधी आपल्या बोलीत जुळवतं, मग पुस्तकाच्या भाषेत बसवतं, मग हसतील का याचा विचार करतं. एवढं सगळं एका सेकंदात कसं व्हावं?

तेव्हा शिकवून येतं का, याचं माझं उत्तर: थांबणं शिकता येतं. मी शिकलो. मनातल्या मनात चार अंक मोजायचो. आता मोजावे लागत नाहीत.

निवृत्त_मास्तर

पऱ्हाटी भाऊ, मी १९७९ ते २०१५ नोकरी केली, अमरावती जिल्ह्यात. त्यातली पंचवीस वर्षं तरी मारलं. बेशरमाची काडी वर्गातली पोरंच आणून द्यायची, आणि ज्यानं आणली त्याच्यावर ती आधी चालायची, असला त्या काळचा न्याय. गावच्या आया-बाया सांगायच्या, "गुर्जी, हाडं अन् डोळे सोडून मारा, पण शिकवा." मला वाटायचं हे प्रमाणपत्र आहे.

एक प्रसंग इथं लिहितो. घरात कधी सांगितला नाही.

वेचणीचे दिवस होते. सहावीतलं एक पोरगं बारा दिवस आलं नाही, तेराव्या दिवशी आलं. मी काही विचारलं नाही. दोन्ही हात पुढे करायला लावले आणि चार-चार छड्या दिल्या. ते रडलं नाही. जागेवर जाऊन बसलं आणि लिहायला पेन धरलं, तर त्याला धरता येईना. जवळ जाऊन पाहिलं. वाळलेल्या बोंडांची टोकं लागून नखांच्या कडेनं सगळी बोटं चिरलेली. त्यात जुनं रक्त काळं झालेलं. बारा दिवस तो आईसोबत कापूस वेचत होता. त्या हातांवर मी मारलं होतं.

मी काय केलं असेल? काही नाही. पुढे धडा शिकवला. माफी मागावी असं मनात आलं, पण चाळीस पोरांसमोर मास्तरनं माफी मागायची ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात बसतच नव्हती. चार-पाच दिवसांनी त्याचं येणं बंद झालं ते कायमचं.

आता तो आठवडी बाजारात भेटतो. वाकून पाया पडतो. सोबतच्या लोकांना सांगतो, "हे माहे गुर्जी. यायच्या मारानंच मी सुधारलो." मी त्याच्या हातांकडे पाहतो आणि मला बोलवत नाही. माझ्यामुळे त्याची शाळा सुटली, आणि तो मलाच श्रेय देतो. मारानं असंही होतं. मार खाणारा माराची बाजू घेऊ लागतो, आणि पुढे स्वतःच्या पोरांना तसाच मारतो.

शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. छडी गेली, चांगलं झालं. पण त्या कलमातला दुसरा शब्द कोणी वाचत नाही. "काय दिवे लावले" हे त्याच दुसऱ्या शब्दात येतं.

माझा राग कुठून यायचा, हेही सांगतो, सबब म्हणून नाही. मुख्याध्यापक मला सगळ्यांदेखत बोलायचे. त्यांना वरचे बोलायचे. तो राग पायऱ्या उतरत शेवटी ज्याला खाली कोणीच नाही त्याच्यावर येऊन पडायचा, आणि वर्गात तसं कोण असतं हे तुम्हाला ठाऊक आहे.

दुपारची_खिचडी

सगळं वाचलं, मन हललं. तरी मला दुसरी बाजू मांडायचीच आहे, रागावू नका.

बुलढाणा जिल्ह्यात पाच वर्गांना आम्ही दोघी. साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक, असा कायद्याचाच हिशेब. त्यातली एक रजेवर किंवा बैठकीला असली की पाच वर्ग एकीकडे. सकाळी परिपाठ घेताना मोबाईल वाजतो, माहिती तात्काळ पाठवा. दुपारी किती पोरं जेवली ती संख्या भरा. यू-डायसच्या, म्हणजे शाळेची सरकारी माहिती ऑनलाइन भरायच्या दिवसांत पंधरा-पंधरा दिवस डोळे पडद्याला चिकटलेले, त्यात नेट गेलं की वडाच्या झाडाखाली जाऊन उभं राहायचं. मतदारयादीचं काम वेगळंच. त्याच शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला इतर कामाला लावू नये. पण माहिती भरणं हे 'शैक्षणिक' काम झाल्यावर कलम कुठे दाखवायचं?

गावात भाड्याची खोली मिळत नाही, म्हणून रोज ३२ किलोमीटर जाणं आणि ३२ येणं. मी वर्गात ज्या दिवशी ओरडते, त्याच्या आदल्या रात्री मी किती झोपले होते ते पाहा. दोन्हींचा हिशेब जुळतो. स्वभाव ही हवेत लटकलेली वस्तू नाही. थकलेल्या बाईच्या वर्गाला थकलेलीच हवा मिळणार. सगळं शिक्षकाच्या स्वभावावर टाकलं की वरच्यांना हात झटकायला मोकळं रान मिळतं, याची मला भीती वाटते.

पऱ्हाटी

ताई, रागावलो नाही, उलट बरं झालं बोललात. आमच्या आधीच्या सरांवर आणि आताच्या बाईंवर कामाचा बोजा सारखाच आहे, म्हणून मला फरक स्वभावाचा वाटला. पण तुमचं वाचल्यावर एक गोष्ट आठवली आणि ती लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ते सर नवीन आले होते तेव्हा वर्गात आवाज असायचा. पहिल्या दोन महिन्यांत आमच्याच समितीत विषय निघाला, "मास्तर पोरांना आवरत नाही." मी स्वतः बोललो होतो, शिस्त पाहिजे म्हणून. त्यानंतर वर्ग शांत झाला. म्हणजे त्या शांततेत माझंही माप आहे.

मेळघाटची_लेक

मी धारणी तालुक्यातली. घरची भाषा कोरकू. आता परिचारिका आहे. कोरकू आणि मराठी या जवळच्या बहिणी नाहीत, कोरकू मुंडा कुळातली. त्यामुळे पहिलीतलं मूल वर्गात बसतं तेव्हा त्याला शब्दच काय, आवाजाचा चढउतारही परका असतो. समोरचा माणूस प्रेमानं बोलतोय की रागानं, हे आम्ही फक्त त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचो. शब्द कळत नसले की मूल चेहरा फार बारकाईनं वाचतं. शिक्षकांना हे माहीत असायला हवं.

दुसरीत आम्हाला एक सर आले. त्यांनी पाण्याचा माठ दाखवून विचारलं, याला तुम्ही काय म्हणता? आम्ही सांगितलं. त्यांनी ते फळ्यावर देवनागरीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, चुकीचं. सगळा वर्ग हसला. ते पण हसले आणि पुन्हा म्हणाले, पुन्हा चुकलं. पाचव्या-सहाव्या वेळी जमलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. एवढा मोठा माणूस आमच्यासमोर चुकतो आणि त्याला काही होत नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसापासून मी मराठी बोलू लागले. चुकीची, पण बोलू लागले.

पण मला पूर्ण खरं सांगायचं आहे. त्या सरांचं गणित कच्चं होतं. आम्हाला नाही आलं तर म्हणायचे, "राहू दे बेटा, होईल." ते झालंच नाही. पुढे आश्रमशाळेत गेले तेव्हा मला हातच्याची वजाबाकी येत नव्हती, आणि तिथल्या कडक बाईंसमोर ते उघडं पडलं. परिचारिकेच्या अभ्यासात औषधाच्या मात्रेचं गणित आलं तेव्हा रात्र-रात्र रडले आहे मी. त्या सरांवर माझा जीव आहे, आजही आहे. तरी माझ्या पोरासाठी मला नुसते मायाळू सर नकोत. पऱ्हाटी दादांच्या बाईंनी त्या पोरावर कोणाला हसू दिलं नाही, हे खरं. पण २५ तसंच सोडलंही नाही ना. जुडगे मांडले. माझ्या सरांनी जुडगे मांडले नाहीत.

मागचा_बाक

मेळघाटच्या ताईंनी चेहऱ्याचं लिहिलं, मी नजरेचं लिहितो. नजर कुठे जाते आणि कुठे जात नाही त्याचं.

आमचं घर नाल्यापलीकडच्या वस्तीत. घराघरात बाबासाहेबांचा फोटो, आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षेसाठी नागपूरला पायी गेलेले. त्यामुळे शिकायचं हे घरात ठरलेलंच होतं. शाळेत मात्र आम्ही पाच-सहा पोरं मागं बसायचो. कोणी बसवलं नव्हतं. बाईंचा प्रश्न पहिल्या दोन रांगांत सुटायचा आणि तिथंच संपायचा. पाहुणे आले की पाणी द्यायला पुढच्या रांगेतली पोरगी उठायची. आम्हाला कधीच कोणी नाही म्हटलं नाही. आमचं नावच निघायचं नाही. नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं.

पाचवीत सर बदलले. पहिल्या सोमवारी त्यांनी सगळ्यांच्या जागा बदलल्या, पुढल्या सोमवारी पुन्हा, आणि वर्षभर दर सोमवारी. भाषण काही दिलं नाही. मधल्या सुट्टीत मला म्हणाले, "बाबू, माठातलं एक गिलास पाणी आण." मी आणलं. ते उभ्यानं गटागट प्यायले आणि गिलास परत दिला. बस एवढंच. वर्गातल्या सगळ्यांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून पाणी कोण देतो हा प्रश्नच राहिला नाही.

आता मी बी.एड. करतोय. रोझेन्थल आणि जेकबसन यांचा १९६८ साली छापलेला अभ्यास आम्हाला आहे. शिक्षकांना काही मुलांची नावं देऊन सांगितलं की ही यंदा झेप घेणार आहेत. नावं प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकल्यासारखी उचलली होती. वर्षअखेरीस त्यातल्या लहान वर्गांतल्या मुलांची प्रगती बाकीच्यांपेक्षा जास्त दिसली. त्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले, तेही आम्हाला शिकवलं. वर्गात चर्चा चालली होती की हा परिणाम खरा किती. मी काही बोललो नाही, मला तो माठ आठवत होता.

वर्धेकर

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि त्यातून गांधीजींची नयी तालीम, म्हणजे हातकामातून शिकवायची पद्धत, उभी राहिली, हे आपल्या घरचंच आहे. तिच्यातलं सूतकताई वगैरे लोकांना आठवतं. मला त्यातली वेगळी गोष्ट मोलाची वाटते: शिक्षकानं मुलांच्या सोबत झाडायचं, निंदायचं, भांडी घासायची. सोबत काम करताना माणसाला स्वभाव लपवता येत नाही. खुर्चीवर बसून लपवता येतो. गाडगेबाबा आधी गाव झाडायचे, मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे, आणि कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत विचारतच पुढे जायचे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसांना त्यांनी बोलतं केलं. आमच्या विदर्भातला सगळ्यात मोठा वर्ग तो होता, असं मला मनापासून वाटतं.

खडू_फळा

मागचा_बाक, तुमचं वाचून काल एक काम केलं. वर्गात २४ पोरं आहेत. मागच्या सोमवारपासून मी कोणाला प्रश्न विचारला त्याच्या नावापुढे रेघ ओढत होतो, ती वही उघडून मोजली. निम्म्याहून जास्त रेघा सहा पोरांच्या नावापुढे. चार नावांपुढे एकही नाही, आणि त्या चारपैकी तिघी मुली. मी स्वतःला समजूतदार शिक्षक समजतो. वर थांबण्याबद्दल एवढं लिहिलं, पण थांबत होतो तो त्या सहांसाठीच.

आज हजेरी घेताना नाव उच्चारलं की मान वर करून त्या पोराकडे पाहायचं, एवढंच ठरवलं. 'हजर' म्हणण्याऐवजी शाळेत येताना वाटेत काय दिसलं ते एका वाक्यात सांगायचं. एरवी दोन मिनिटांत होणारी हजेरी पंधरा मिनिटं चालली. त्या चारपैकी एक म्हणाली, "धुऱ्यावर मुंगूस उभं होतं." वर्षात तिचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला असेन.

दुपारची_खिचडी मॅडम, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पंधरा मिनिटं हजेरीला देणं हे ज्या दिवशी माहिती भरायची नसते त्याच दिवशी जमतं. आज तसा दिवस होता.

निवृत्त_मास्तर

मुंगसाचं वाचून डोळ्यात पाणी आलं. छत्तीस वर्षांत मी "हजर" याशिवाय काही ऐकलं नाही हो.

पऱ्हाटी

धागा काढला तेव्हा मी एका बाजूचा होतो. आता जे घडलं ते लिहितो.

परवाच्या बैठकीत मी उठून सांगितलं की आधीच्या सरांकडे शिस्तीची मागणी आपणच लावली होती, निदान आता वर्गातून आवाज आला तर कोणी तक्रार आणायची नाही. दोघा-तिघांना पटलं नाही. एक काका म्हणाले, "पोट्टे डोक्यावर बसतीन." बाईंनी त्यांना शाळेत येऊन अर्धा तास बसायला बोलावलं. ते अजून गेले नाहीत. माहितीचे तक्ते भरायला समितीतल्या दोघा शिकलेल्या पोरांनी बाईंना मदत करायची, असं ठरलं. ठरावाच्या वहीत ते कसं लिहावं यावरच पाऊण तास गेला.

आणि काल कामानं यवतमाळला गेलो होतो, तर बसस्थानकावर ते आधीचे सर भेटले. मी तोंड चुकवणार होतो, खरं सांगतो. त्यांनीच हाक मारली, चहा सांगितला. पहिला प्रश्न: "पोरीचं पोट दुखायचं, थांबलं का?"

मी त्यांना हे कधी सांगितलं नव्हतं. म्हणाले, "येताना पोटावर हात असायचा तिचा. दिसत होतं मला." मग बराच वेळ कपाकडे बघत बसले. म्हणाले, "मी तिसरीत असताना माझी पाटी अशीच वर धरली होती आमच्या गुरुजींनी. त्या भीतीनं मी अभ्यास केला, नोकरीला लागलो. मला वाटलं शिकवणं म्हणजे हेच." त्या वर्षी त्यांच्या आईचं नागपूरला ऑपरेशन झालं होतं, रात्री दवाखान्यात काढून ते सकाळी सव्वादहाला गावात यायचे. गावात एकालाही माहीत नव्हतं, आम्ही कोणी विचारलंच नव्हतं.

निघताना त्यांनी त्या दुसरीतल्या पोराचं विचारलं, "त्याला बावन्न येतं का आता?" मी काड्यांचे जुडगे सांगितले, बा आधी ऐकू येतो तेही सांगितलं. त्यांनी खिशातून पेन काढलं, तिकिटाच्या मागे बावन्न लिहिलं, त्याखाली ५२, आणि ओठातल्या ओठात दोन-तीनदा म्हणून पाहिलं. "हे माझ्या लक्षातच आलं नाही हो," म्हणाले. तिकिटाची घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. तेवढ्यात त्यांची बस लागली.